वेग आणि विराम: मोटारीचे पुढील ब्रेक व चाकें

[नभोवाणीवरील भाषण]



मोटारीविषयीं बोलणें निघालें कीं पहिला प्रश्न वेगाचा असतो. गाडी ताशीं किती किलोमीटर धांवते, शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंदांत पोंचते, एंजिनाची शक्ति किती, हें सारें आवर्जून विचारलें जातें. धांवणारी गाडी थांबते कशी, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. आजचें माझें भाषण ह्या उपेक्षित प्रश्नाविषयीं आहे, आणि तेंहि एका विशेष प्रसंगाच्या अनुरोधानें. एखादा हौशी मालक आपली स्पोर्ट्‌स मोटार शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर नेऊं लागला, तर तिचे पुढील ब्रेक व चाकें त्यानें बदलावीं काय? बदलावयाचीं तर कोणत्या क्रमानें? आणि एवढ्या खर्चापासून त्याच्या पदरांत पडतें काय?

प्रथम हा प्रसंग कोणता तें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत त्याला ‘ट्रॅक डे’ असें म्हणतात. ब्रँड्‌स हॅच, डॉनिंग्टन, सिल्व्हरस्टोन हे तेथील प्रसिद्ध शर्यतीचे मार्ग होत. ज्या दिवशीं शर्यत नसते अशा ठराविक दिवशीं फी भरून हौशी माणसाला आपली स्वतःची गाडी तेथें चालवितां येते. ही शर्यत नव्हे. वेळ मोजून क्रमांक लावण्याची तेथें सहसा बंदीच असते. पुढच्या गाडीनें वाट दिल्यावांचून तिला ओलांडावयाचें नाहीं, असा दंडक असतो. डोक्यावर शिरस्त्राण हवेंच. आपल्या देशांतहि चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै, कोइंबतूरचा कारी मार्ग, आणि ग्रेटर नॉयडा येथें २०११ सालीं उघडलेला बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग अशीं स्थळें आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी कामानिमित्त इंग्लंडांत राहतो. त्याजपाशीं माझदा कंपनीची एमएक्स-५ नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची, लहानशी जुनी गाडी आहे. “सर, ट्रॅक डेला जाऊं लागलों आहें. पुढचे ब्रेक मोठे बसवावे म्हणतों. त्यासाठीं चाकेंहि मोठीं घ्यावीं लागतील. आपल्याला काय वाटतें?” असें त्यानें मला विचारलें. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकविणारा मास्तर. गाड्यांचा कारागीर नव्हे. परंतु ब्रेक हा पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पुस्तकांतलाच विषय असल्यामुळें त्याच्या प्रश्नाचा विचार करण्यांत माझे कांहीं दिवस मोठ्या आनंदांत गेले. त्याला जें लिहिलें, त्याचाच सारांश आज आपणांस सांगतों.

ब्रेकचें काम एका वाक्यांत सांगावयाचें तर तो गतीची उष्णता करतो. धांवत्या गाडीच्या अंगीं जी ऊर्जा असते ती नाहींशी करतां येत नाहीं. तिचें रूप तेवढें पालटतां येतें. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे ताशीं ४० किलोमीटर वेगाच्या गाडीपेक्षां ताशीं १६० किलोमीटर वेगाच्या त्याच गाडीच्या अंगीं चौपट नव्हे, तर सोळापट ऊर्जा असते. आतां चालकासह गाडीचें वजन ११०० किलो धरूं. लांब सरळ मार्गाच्या शेवटीं ती ताशीं १६० वरून ६० वर आणली, तर सुमारें नऊ लक्ष तीस हजार जूल इतक्या ऊर्जेची वासलात लावावी लागते. आंकडा रुक्ष वाटेल. म्हणून घरगुती मापानें सांगतों. तेवढ्या उष्णतेनें तीन लिटर गार पाणी उकळूं लागेल. स्वयंपाकघरांतील शेगडीला ह्या कामास दहा-पंधरा मिनिटें लागतात. गाडीचे ब्रेक तें तीन-चार सेकंदांत करतात, आणि दुसरें वळण आलें कीं पुन्हां करतात.

ह्यांत पुढील ब्रेकांचा वांटा मोठा कां? बस एकदम थांबली कीं उभे उतारू पुढें झुकतात, हा अनुभव सर्वांचा आहे. गाडीचा भारहि तसाच पुढील चाकांकडे सरकतो. किती सरकतो, ह्याचा हिशेब सोपा आहे. ह्या लहान गाडीच्या पुढील व मागील चाकांमधील अंतर सुमारें सव्वादोन मीटर आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर धरला, आणि ब्रेक अगदीं जोरानें दाबला, तर एकूण वजनाचा पांचवा हिस्सा मागून पुढें जातो. एरवीं भार निम्मा-निम्मा असला, तर त्या क्षणीं तो सत्तर व तीस असा होतो. सत्तर हिस्से भार पुढें, म्हणून जमिनीची पकडहि पुढेंच अधिक, आणि म्हणून उष्णताहि पुढेंच अधिक. प्रत्येक पुढील चकती चार-पांच किलोंची धरली तर वर सांगितलेल्या एकाच विरामानें ती सुमारें दीडशें अंशांनीं तापते. ब्रँड्‌स हॅचची लहान फेरी दोन किलोमीटरांच्याहि आंतलीच आहे. तेथें मिनिटाभराच्या फेरींत अनेक वेळां ब्रेक लावावा लागतो. चकतीला निवावयास फुरसत मिळत नाहीं.

चकतीचा ब्रेक आला तोच मुळीं ह्या उष्णतेच्या त्रासांतून. पूर्वींच्या गाड्यांना पिंपाच्या आकाराचे, म्हणजे ड्रम ब्रेक असत. ते आंतून दाबले जात; आणि तापले कीं पिंप फुगून आंतल्या पट्ट्यांपासून दूर सरके. उष्णता आंतच कोंडून राही ती वेगळीच. चकती उघड्या वाऱ्यावर फिरते, आणि तापून जाड झाली तर दोन्ही बाजूंच्या पॅडांच्या अधिक जवळ जाते. फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ सालींच चकतीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें होतें. पण त्याचें तेज जगाला दिसावयास अर्धें शतक जावें लागलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वार कंपनीच्या सी-टाइप गाड्या डनलॉपचे चकतीचे ब्रेक लावून उतरल्या. तेथें सुमारें सहा किलोमीटर सरळ धांवून एका तीव्र वळणाशीं वेग मारावा लागे. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली, आणि ताशीं १०० मैलांहून अधिक सरासरीनें ती शर्यत प्रथमच जिंकली गेली. शेवटपर्यंत भरंवशाचा ब्रेक असल्यामुळें चालकाला सरळ मार्गावर अधिक वेळ वेगांत राहतां आलें. थांबण्याची खात्री असेल तोच निर्धास्त धांवूं शकतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

इतकें ऐकल्यावर “मग मोठा ब्रेक बसविणें हेंच शहाणपण” असें कोणासहि वाटेल. येथेंच थोडें थांबावें, अशी माझी विनंति आहे. माझ्या विद्यार्थ्याला मीं पहिला प्रश्न विचारला तो असा: “बाबा, तुझ्या ब्रेकांना झालें आहे तरी काय, तें आधीं सांग.” वैद्य नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. मार्गावर ब्रेक हतबल होतो तो तीन प्रकारांनीं, आणि प्रत्येकाचें लक्षण वेगळें आहे.

पहिला प्रकार असा: पेडल मऊ पडतें, पाय खोल जातो, कधीं थेट तळाला टेकतो. ह्याचा अर्थ बहुधा ब्रेक ऑइल उकळलें. आपले मिस्त्री त्याला ऑइल म्हणतात खरें, पण तें एंजिनांतील तेलासारखें तेल नव्हे. पायाचा दाब चाकापर्यंत नेणारा तो एक द्रव आहे. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते; म्हणून नळींत वाफ झाली कीं पायाचा जोर वाफ दाबण्यांतच खर्ची पडतो. नेहमीचा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि ओला झाला कीं लवकर उकळतो. डॉट ३ जातीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें कीं ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठीं हेच आंकडे २३० व १५५, आणि डॉट ५.१ साठीं २६० व १८० असे आहेत. ताजा, चांगल्या प्रतीचा द्रव भरणें आणि नळ्यांतील हवा पूर्णपणें काढणें हा सर्वांत स्वल्प खर्चाचा उपाय आहे. आणि ज्या दोषामुळें पेडल एकाएकीं तळाला जातें, त्या सर्वांत भयंकर दोषावरचाच तो उपाय आहे. मात्र डॉट ५ म्हणून जो सिलिकोनचा द्रव मिळतो तो ह्या जातींत मिसळूं नये. नांव सारखें असलें तरी जात निराळी आहे.

दुसरा प्रकार: पेडल घट्ट आहे, पाय सर्व जोरानें दाबतो आहे, पण गाडी म्हणावी तशी मंदावत नाहीं, करपल्याचा वास येतो. हा दोष पॅडांचा. रस्त्यावरच्या पॅडांचा मसाला थंड असतांना उत्तम धरतो, पण अति तापला कीं त्याचें घर्षण घटतें. मार्गासाठीं केलेले पॅड बरीच अधिक उष्णता सोसतात. त्यांचा अवगुण असा, कीं शर्यतीसाठींच केलेले कित्येक पॅड सकाळच्या थंडींत पहिल्या एक-दोन विरामांना नीट धरीत नाहींत. म्हणून जी गाडी मार्गावर जाते आणि त्याच पॅडांवर घरींहि परत येते, तिला मधल्या गुणाचे पॅड बरे. नवे पॅड बसविल्यावर क्रमाक्रमानें ब्रेक लावून, मध्यें निवूं देऊन, ते चकतीशीं मुरवून घ्यावे लागतात. नव्या तव्यावर पहिल्याच दिवशीं घावन सुटत नाहीं, तसेंच हें आहे.

तिसरा प्रकार: ब्रेक दाबतांच चाक अडतें, किंवा ज्या गाडींत चाक अडूं न देणारी योजना असते तिच्यांत पायाखालीं थरथर जाणवते, आणि तरी वळण अंगावर येतें. येथें ब्रेकचा कांहींच अपराध नाहीं. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितो तो टायर. चाक अडविण्याइतका जोर ब्रेकांत आहेच. टायरची पकड तेवढी संपली आहे. अशा वेळीं बशीएवढी चकती काढून परातीएवढी बसविली तरी एका विरामाचें अंतर तसूभरहि कमी होत नाहीं. तेथें चांगला टायर, किंवा थोडें आधीं ब्रेकवर जाणारा पाय, हाच उपाय.

मग मोठी चकती हवी तरी कशाला? ती हवी पुनरावृत्तीसाठीं. पहिल्या विरामाला लहान ब्रेकहि समर्थ असतो. विसाव्या विरामालाहि तसाच राहावा, ही मोठ्या चकतीची देणगी. तिच्यांत लोखंड अधिक, म्हणून तीच उष्णता घेऊन ती कमी तापते. तिचा पृष्ठभाग अधिक, म्हणून ती लवकर निवते. आणि पॅड मध्यापासून अधिक दूर बसत असल्यामुळें तेवढ्याच दाबांत पीळ अधिक मिळतो. विहिरीचा रहाट लांब दांड्यानें हलका फिरतो, तेंच हें तत्त्व.

ह्या बाबतींत एमएक्स-५ गाडीचाच इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९८९ सालीं ती शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. त्या वेळच्या १.६ लिटर एंजिनाच्या गाडीला पुढें २३५ मिलिमीटर व्यासाच्या आणि मागें २३१ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या होत्या. पुढें १.८ लिटरचें एंजिन आलें, तेव्हां कंपनीनें पुढच्या चकत्या २५५ आणि मागच्या २५१ मिलिमीटर केल्या. श्रोत्यांनीं लक्ष द्यावें तें येथें: वीस मिलिमीटर पुढें वाढविले, तितकेच मागेंहि वाढविले. दुसऱ्या पिढींतील कांहीं गाड्यांना पुढें २७० व मागें २७६ मिलिमीटरच्या चकत्या आल्या. म्हणजे तेव्हांहि मागच्या बाजूची आठवण ठेवलीच.

हौशी मालक मात्र बहुधा पुढचेच ब्रेक मोठे करतो, कारण उष्णता पुढें दिसते आणि मोठे कॅलिपरहि पुढेंच शोभून दिसतात. असें केल्यास पुढचा जोर वाढतो, मागचा होता तसाच राहतो, आणि दोहोंमधील तोल बिघडतो. मग पुढचीं चाकें लवकर अडतात, मागच्या चाकांची पकड विनियोगावांचून राहते, आणि हजारो रुपये खर्चून थांबण्याचें अंतर उलट वाढूं शकतें. कॅलिपरमधील दट्टे मोठे घेतले तर आणखी एक गोष्ट घडते: त्यांना ढकलावयास द्रव अधिक लागतो, म्हणून पेडल अधिक खोल जातें. यास्तव पुढचा व मागचा मेळ जमवून दिलेला संच घ्यावा. आणि शक्य तर त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तींतले, कारखान्यानेंच पारखलेले भाग घ्यावे. जुन्या एमएक्स-५ वर १.८ चे ब्रेक चढविण्याची वहिवाट इंग्लंडांत व अमेरिकेंत बरीच जुनी आहे.

आणखी एक मोह म्हणजे भोंकें पाडलेली चकती. ती दिसते सुंदर. परंतु मार्गावरच्या वारंवार तापण्या-निवण्यानें भोंकांच्या कडांपासून चिरा जाण्याची भीति असते. साधी, मध्यें पोकळ जागा ठेवून दुपदरी केलेली चकतीच बरी. ती फिरूं लागली कीं मध्याकडून हवा ओढून कडेनें बाहेर फेंकते, जणूं एक पंखाच. म्हणून बाहेरचा वारा नळीनें ब्रेकपर्यंत न्यावयाचा झाल्यास तो चकतीच्या मध्याशीं सोडावा. अशी एक नळी पुष्कळदां महागड्या कॅलिपरांचें काम करून जाते.

आतां चाकांकडे वळूं. मोठ्या चकतीवर कॅलिपर बसला कीं त्याला चाकाच्या आंत जागा लागते. २५५ मिलिमीटरची चकती १४ इंची चाकांत मावते. २७० साठीं १५ इंची चाक घ्यावें लागतें. येथें नियम एकच ध्यानांत ठेवावा: रिम मोठी झाली तरी टायरसह चाकाची एकंदर उंची बदलूं नये. ह्या गाडीचा मूळचा टायर १८५/६०, १४ इंची. त्याचा एकूण व्यास सुमारें ५७८ मिलिमीटर भरतो. १९५/५० मापाचा १५ इंची टायर घेतला तर व्यास ५७६ भरतो. रिम एक इंचानें वाढली, पण टायरची भिंत तितकीच आंखूड झाल्यामुळें फरक दोन मिलिमीटरांचाच पडला. वेगमापक खोटें बोलत नाहीं, आणि गिअरांचें गणितहि चुकत नाहीं.

पंधरांनीं भागत असतां सतरा इंचांच्या मागें लागूं नये. मोठें चाक बहुधा जड असतें. आणि चाकाचें वजन हें गाडींतल्या सामानाच्या वजनासारखें नव्हे. तें पुढेंहि न्यावें लागतें आणि फिरवावेंहि लागतें. म्हणून चाकाच्या अगदीं कडेचें एक किलो वजन वेग घेतांना व थांबतांना जवळजवळ दोन किलोंसारखें वागतें. शिवाय स्प्रिंगांच्या खालचा भार वाढला कीं खांचखळग्यांवर टायर जमिनीला सोडूं पाहतो. नव्या चाकाच्या बोल्टांचें वर्तुळ, मधलें भोंक आणि रिमचा आंत-बाहेरचा कल हीं तिन्हीं मापें गाडीशीं जुळलीं पाहिजेत. सुकाणूं पूर्ण वळवून, कॅलिपर व चाक यांमध्यें मोकळी जागा राहते कीं नाहीं, हें प्रत्यक्ष पाहावें. नट ठरलेल्या पिळानें, माप दाखविणाऱ्या पान्यानें आंवळावे, आणि पहिल्या कांहीं फेऱ्यांनंतर चाकें निवल्यावर पुन्हां तपासावे. केलेले फेरफार विमाकंपनीला कळवावे. नेहमीचा विमा मार्गावर लागूं होतो कीं नाहीं, हेंहि आधींच विचारून घ्यावें.

तेव्हां क्रम असा ठरतो: प्रथम ताजा द्रव, मग योग्य पॅड, मग सुस्थितींतले टायर, मग वारा, आणि इतकें करूनहि लक्षणें राहिलीं तरच मोठी चकती व तिच्या मापाचें चाक, तेंहि मागच्या ब्रेकांशीं मेळ घालून. ह्यांतल्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच पुष्कळांचें समाधान होतें. उरलेले पैसे शिक्षकाला शेजारीं बसवून दिवसभर शिकण्यांत घालवावे. ब्रेक कोठें लावावा आणि कोठें सोडावा हें ज्याला समजलें, त्याचे ब्रेक मुळांतच कमी तापतात. जो भिऊन सर्व वेळ पेडलवर हलका पाय ठेवतो, त्याचे ब्रेक अधिक तापतात. आणि शेवटची एक फेरी सावकाश, ब्रेकला न शिवतां मारावी. गाडी थांबल्यावर हातब्रेक न ओढतां ती गिअरमध्यें ठेवावी, म्हणजे तापलेले पॅड चकतीच्या एकाच जागीं दाबले जाणार नाहींत.

आपल्यापैकीं बहुतेकांना शर्यतीचा मार्ग कधीं पाहावयाचाहि नाहीं. परंतु सह्याद्रीचे घाट आपण सर्वच उतरतों. बोरघाट असो, खंबाटकी असो, भरलेली गाडी उतारावर सोडून तिला सतत ब्रेकनें आवरणारा चालक नकळत तीच शेगडी पेटवीत असतो. खालच्या गिअरमध्यें उतरणें, मधून मधून ब्रेक लावून तो निवूं देणें, आणि द्रव वेळच्या वेळीं बदलणें, हे नियम तेथें घरच्या माणसांना सुखरूप पायथ्याशीं पोंचवितात. म्हणून पुढच्या खेपेला गाडी दुरुस्तीला जाईल तेव्हां मिस्त्रीला एंजिनाच्या आधीं एवढेंच विचारा: ब्रेकमधला द्रव शेवटीं केव्हां बदलला? उत्तर त्याला आठवत नसेल, तर तो त्याच दिवशीं बदलून घ्यावा.